तुमच्या गाडीचा वेग बस ठरवते

पुण्यात विद्यापीठ चौकातला उड्डाणपूल जुलै २०२० मध्ये पाडला. बांधून पंधरा-सोळा वर्षंही झाली नव्हती. मेट्रोच्या आराखड्याला तो आड येत होता, आणि ज्या कोंडीसाठी तो उभा केला होता ती कोंडीही सुटलेली नव्हती. चांदणी चौकातला जुना पूल ऑक्टोबर २०२२ मध्ये एका मध्यरात्री स्फोट घडवून पाडला आणि पुढच्या वर्षी तिथे रॅम्प, सेवा रस्ते आणि पुलांचं मोठं जाळं सुरू झालं. दोन्ही ठिकाणी आधीपेक्षा जास्त काँक्रीट ओतलं गेलं. तरीही पुण्यात संध्याकाळी सात वाजता कोथरूडहून हडपसरला निघणारा माणूस किती वाजता पोहोचेल, हे आज कोणी छातीठोकपणे सांगू शकत नाही.

यावर साधारण दोन उत्तरं ऐकू येतात. एक, रस्ते अजून अरुंद आहेत, ते रुंद करा. दोन, लोकांना शिस्त नाही. दोन्हींत थोडं थोडं तथ्य आहे. सिग्नल बंद असणं, खड्डे, खोदकाम, चौकात कशीही थांबलेली वाहनं यांनी कोंडी वाढतेच. पण समजा हे सगळं उद्या सकाळी जादूने सुधारलं, तरी दोन-तीन वर्षांत आपण परत इथेच येऊ. त्याचं कारण माणसं प्रवासाचा निर्णय कसा घेतात यात आहे, आणि ते एकदा समजलं की बसची बाजू का घ्यायची हेही समजतं. मग बसमध्ये पाऊलही न ठेवणाऱ्यांनी ती का घ्यायची, तेसुद्धा.

मोकळा झालेला रस्ता भरतो कुठून?

एखाद्या रस्त्यावर नवा पूल झाला आणि अर्ध्या तासाचा प्रवास वीस मिनिटांवर आला, असं धरू. पहिले काही आठवडे छान जातात. मग बातमी पसरते आणि तीन प्रकारची माणसं त्या रस्त्याकडे वळतात. गर्दी चुकवायला सकाळी साडेसातला निघणारे आता आरामात नऊला निघतात. आतल्या गल्ल्यांमधून जाणारे पुन्हा मुख्य रस्त्यावर येतात. आणि आजवर बसने किंवा शेअर रिक्षाने जाणारे काहीजण म्हणतात, ‘आता गाडीच काढू या की.’ हे तिन्ही प्रवाह तोवर येत राहतात, जोवर तो रस्ता पुन्हा पूर्वीइतकाच नकोसा होत नाही. अँथनी डाउन्स या अमेरिकी अर्थतज्ज्ञाने गर्दीच्या वेळच्या कोंडीचा हा नियम १९६२ मध्येच मांडला होता. अमेरिकेत ह्यूस्टनचा केटी फ्रीवे २००८ मध्ये इतका रुंद केला की काही ठिकाणी बाजूचे रस्ते धरून त्याच्या २६ मार्गिका होतात. काही वर्षांतच तिथला गर्दीच्या वेळचा प्रवास पुन्हा लांबला. जागेची चणचण नसलेल्या, पैशाला कमी नसलेल्या शहराची ही गत झाली.

याशिवाय एक चौथा, संथ प्रवाह असतो. रस्ता चांगला आहे म्हणून त्याच्या टोकाला नव्या सोसायट्या उभ्या राहतात. जाहिरातीत ‘डेक्कनपासून वीस मिनिटांवर’ असं छापलं जातं. तिथे राहायला गेलेल्या प्रत्येक घरात दोन दुचाकी आणि एक चारचाकी येते, कारण त्या भागात बस तासाला एक असते. मग ती वीस मिनिटं कोणाच्याच वाट्याला येत नाहीत.

आता यातली खरी मेख बघा. गर्दीच्या वेळी रस्त्यावरच्या गाड्यांचा वेग कुठे जाऊन स्थिरावतो? जिथे गाडीने जाणं आणि सार्वजनिक वाहनाने जाणं यांचा एकूण त्रास काही लोकांना सारखाच वाटू लागतो, तिथे. गाडी फारच हळू झाली तर काठावरचे लोक बसकडे किंवा लोकलकडे जातात. गाडी जरा वेगात जाऊ लागली की ते परत येतात. म्हणजे गाडीचा वेग बसच्या दारापासून दारापर्यंतच्या वेगाला बांधलेला असतो. बस सुधारली तर तो तोल वरच्या वेगाला जाऊन थांबतो आणि गाडीवाल्याचाही प्रवास सुधारतो. बस बिघडली तर तो खाली घसरतो आणि गाडीवालाही त्याच चिखलात अडकतो. यातली वाईट बाजू अशी, की रस्ता रुंद केल्यामुळे बसचे प्रवासी कमी झाले, म्हणून बसच्या फेऱ्या कमी केल्या, तर शेवटी सगळ्यांचाच वेळ पूर्वीपेक्षा जास्त लागू शकतो. वाहतूकशास्त्रात हा विरोधाभास डाउन्स आणि थॉमसन या दोघांच्या नावाने ओळखला जातो.

हे सूत्र लंडन-पॅरिससारख्या, रेल्वेचं दाट जाळं असलेल्या शहरांना जास्त नेमकं लागू पडतं. मुंबईत लोकलमुळे त्याचा प्रत्यय येतो: लोकल एक दिवस बंद पडली की रस्त्यांचं काय होतं ते सगळ्यांनी पाहिलेलं आहे. पुण्यात मात्र बसला टक्कर द्यायला मोटारीच्या आधी दुचाकी उभी आहे, आणि तिचा हिशेब वेगळा आहे.

दुचाकीशी बस कशावर जिंकेल?

आधी जागेचा हिशेब करू. रस्त्यावर चालताना एक बस साधारण तीन मोटारींइतकी जागा अडवते. तिच्यात ५० माणसं आहेत असं धरू. गर्दीच्या वेळी याहून जास्तच असतात. तीच ५० माणसं मोटारींतून निघाली, एका मोटारीत सरासरी दीड माणूस धरला, तर ३३ मोटारी लागतात. दुचाकीवरून निघाली आणि चार गाड्यांवर पाच माणसं धरली, तर ४० दुचाकी. एक दुचाकी अर्ध्या मोटारीची जागा घेते असं मानलं तर ती जागा २० मोटारींची झाली. बसला तीन, दुचाकींना वीस, मोटारींना तेहेतीस. दुचाकी मोटारीपेक्षा बरी, पण बसच्या आसपासही येत नाही. आणि पार्किंगची जागा यात अजून धरलेलीच नाही. बस प्रवासी उतरवून पुढे जाते. गाडी मात्र दिवसभर कुठेतरी उभी करावी लागते.

शहराच्या बाजूने पाहिलं तर उत्तर सरळ आहे. पण घरातून निघणारा माणूस शहराचा हिशेब करत नाही, स्वतःचा करतो, आणि तो चुकीचा नसतो. पेट्रोल लिटरला शंभर रुपयांच्या पुढे आणि गाडीचं अॅव्हरेज पन्नास धरलं, तर किलोमीटरला दोन रुपये पडतात. पाच किलोमीटरला दहा. पुणे आणि पिंपरी-चिंचवडची बस चालवणाऱ्या पीएमपीएमएलचं जून २०२५ पासूनचं पहिल्या टप्प्याचं भाडंही तेवढ्याच अंतराला दहा रुपये आहे. नवरा-बायको दोघं निघाले तर गाडीला दहाच, बसला वीस. गाडीचे हप्ते, विमा, सर्व्हिसिंग धरलं तर चित्र बदलतं. पण ते पैसे आधीच गेलेले असतात, रोज सकाळी निघताना ते कोणी मोजत नाही.

म्हणून पुण्यासारख्या शहरात बस नुसत्या स्वस्ताईवर दुचाकीला हरवू शकत नाही. भाडं परवडणारं असलंच पाहिजे, कारण बसमध्ये बसणाऱ्या अनेकांकडे दुसरा मार्गच नसतो: घरकामाला जाणाऱ्या बायका, विद्यार्थी, ज्येष्ठ नागरिक, सुरक्षारक्षक. पण ज्याच्या पार्किंगमध्ये गाडी उभी आहे त्याला बसकडे आणायचं असेल तर वेळ आणि खात्री या दोन गोष्टींवरच आणता येईल. मुंबईच्या बेस्टने जुलै २०१९ मध्ये किमान भाडं आठवरून पाच रुपयांवर आणलं तेव्हा प्रवासी लाखांनी वाढले. भाड्याचा परिणाम खरा आहे हे त्यातून दिसलं. पण त्यानंतरच्या वर्षांत बेस्टच्या बसच कमी होत गेल्या. एकेकाळी चार हजारांच्या वर असलेला ताफा तीन हजारांच्याही खाली आला. बस थांब्यावर आलीच नाही तर पाच रुपये काय आणि दहा काय.

थांब्यावरची मिनिटं

बसने जाणाऱ्याचा वेळ चार तुकड्यांत जातो: थांब्यापर्यंत चालणं, वाट पाहणं, बसमधला प्रवास, उतरून पुन्हा चालणं. यातलं सगळ्यात जड जातं ते वाट पाहणं. वाहतुकीचे अभ्यास करणारे थांब्यावरचं एक मिनिट बसमधल्या मिनिटापेक्षा जास्त वजनाचं धरतात, कारण उन्हात किंवा पावसात उभं राहून, बस येईल की नाही याची खात्री नसताना काढलेला वेळ माणसाला लांबच वाटतो. थांब्याला शेड नसेल, रात्रीचा दिवा नसेल, तर बाईमाणसाला तो आणखी लांब वाटतो.

आता एक हिशेब, जो वेळापत्रकाच्या कागदावर कधीच दिसत नाही. एका मार्गावर तासाला चार बस आहेत. त्या बरोबर पंधरा-पंधरा मिनिटांनी आल्या, तर वेळ न बघता थांब्यावर आलेल्या माणसाला सरासरी साडेसात मिनिटं थांबावं लागेल. पण त्याच चार बस पाच, पाच, पाच आणि पंचेचाळीस मिनिटांच्या अंतराने आल्या तर? कागदावर तासाला चारच बस आहेत. पण तासातली पंचेचाळीस मिनिटं त्या एका मोठ्या खिंडारात गेली आहेत, त्यामुळे बहुतेक माणसं त्या खिंडारातच येऊन उभी राहतात. सरासरी निघते साडेसतरा मिनिटं, म्हणजे दुपटीहून जास्त. बस तेवढ्याच, ड्रायव्हर-कंडक्टर तेवढेच, डिझेल-सीएनजी तेवढंच, आणि सेवा निम्म्याहून वाईट.

‘अर्धा तास एक नाही, आणि मग एकदम तीन’ ही तक्रार आपल्याकडे नेहमीची आहे. त्यामागे बहुतेक वेळा ड्रायव्हरची लहर नसते. पुढची बस सिग्नलला किंवा कोंडीत दोन मिनिटं अडकली की पुढच्या थांब्यावर तोवर जास्त माणसं जमतात. ती चढायला जास्त वेळ लागतो, त्यामुळे बस आणखी मागे पडते. मागच्या बसला मात्र थांब्यावर कमी माणसं मिळतात, ती भराभर पुढे येते आणि शेवटी पहिलीला गाठते. मग पहिली खचाखच आणि दुसरी रिकामी, अशी जोडी शहरभर फिरते. एकदा हे सुरू झालं की आपोआप सुटत नाही. ते सोडवायला नियंत्रण कक्षात बसून, प्रत्येक बस कुठे आहे ते बघून, एखादीला मधल्या ठिकाणी दोन मिनिटं थांबवणारा किंवा एखादी मध्येच वळवणारा माणूस लागतो. बसवरचं जीपीएस आणि मोबाइलवर बस कुठे आहे ते दाखवणारं अॅप आपल्याकडे आलं आहे. ते प्रवाशाला उपयोगी आहेच, पण तीच माहिती बसमधलं अंतर राखायला वापरली गेली तर तिचा फायदा कितीतरी मोठा होईल.

चढण्या-उतरण्याचा वेळही यात मोजावा लागतो. एकाच दाराने गर्दी झाली, पायऱ्या उंच असल्या, सुट्ट्या पैशांवरून खोळंबा झाला, की प्रत्येक थांब्यावर पंधरा-वीस सेकंद जादा जातात. तीस थांब्यांच्या मार्गावर ती साडेसात ते दहा मिनिटं होतात. कमी उंचीची फरशी, दोन्ही दारांचा नीट वापर, पास किंवा मोबाइलवरचं तिकीट या गोष्टी केवळ सोयीच्या वाटतात, पण त्यांनी खरोखर बसचा वेग वाढतो.

तेवढ्याच बस, जास्त फेऱ्या

बस कमी आहेत ही तक्रार खरी आहे. केंद्र सरकारच्या नगरविकास मंत्रालयाने सार्वजनिक वाहतुकीसाठी जे सेवा-निकष ठरवले, त्यांत हजार लोकसंख्येमागे ०.६ बस, म्हणजे लाखामागे ६०, ही सगळ्यात वरची पातळी आहे. २०११ च्या जनगणनेत पुणे आणि पिंपरी-चिंचवड महापालिकांची मिळून लोकसंख्या साडेअठ्ठेचाळीस लाखांच्या आसपास होती. त्या हिशेबाने तेव्हाच २,९०० बस हव्या होत्या. पीएमपीएमएलचा ताफा आज, शहर कितीतरी वाढल्यानंतर, दोन हजारांच्या आसपास आहे, आणि त्यातल्याही सगळ्या रोज रस्त्यावर येत नाहीत. तरी याच बस रोज दहा लाखांच्या घरात प्रवासी वाहतात.

पण नुसत्या बस विकत घेऊन भागत नाही. समजा एका मार्गावर जाऊन-येऊन फेरीला १२० मिनिटं लागतात आणि त्यावर १२ बस आहेत. म्हणजे दर दहा मिनिटांनी एक. कोंडी वाढली, फेरी १५० मिनिटांची झाली. त्याच १२ बस आता साडेबारा मिनिटांनी एक येतात. पूर्वीची दहा मिनिटं टिकवायची तर आणखी तीन बस, तीन बसचे ड्रायव्हर-कंडक्टर, आणि प्रवासी एकही जास्त नाही. उलट, बसला मोकळी लेन मिळाली आणि फेरी ९० मिनिटांवर आली, तर त्याच १२ बस साडेसात मिनिटांनी एक येऊ लागतात. एकही बस न वाढवता. बस कोंडीत अडकली की तिचा खर्च वाढतो, वाट पाहणं वाढतं, माणसं गाडी घेतात, कोंडी आणखी वाढते. हे चक्र उलटं फिरवायची सगळ्यात स्वस्त जागा म्हणजे बसची स्वतंत्र लेन.

पुण्याने हे देशात सगळ्यांच्या आधी करून पाहिलं होतं. कात्रज-स्वारगेट-हडपसर हा बीआरटीचा, म्हणजे राखीव लेनमधून धावणाऱ्या जलद बससेवेचा, पथदर्शी मार्ग २००६ च्या अखेरीस सुरू झाला. तो ज्या पद्धतीने केला त्याने बीआरटीचं नाव खराब झालं, याचं मला अजून वाईट वाटतं. लेन सलग नव्हती. जिथे कोंडी सगळ्यात जास्त, त्या चौकांपाशी आणि पुलांपाशीच ती संपायची आणि बस पुन्हा गर्दीत शिरायची. रस्त्याच्या मधोमध असलेल्या थांब्यांपर्यंत पायी पोहोचणं जिवावरचं होतं. लेनमध्ये इतर वाहनं घुसायची. अहमदाबादने २००९ मध्ये ‘जनमार्ग’ सुरू केला तेव्हा बंदिस्त स्थानकं, बसच्या फरशीच्या उंचीचा फलाट, आत शिरण्याआधी तिकीट या गोष्टी पहिल्यापासून ठेवल्या. पुणे आणि पिंपरी-चिंचवडमध्येही २०१५ पासूनच्या ‘रेनबो’ मार्गांवर यातलं बरंचसं आलं, आणि पिंपरी-चिंचवडमधले रुंद रस्ते त्याला साथ देणारे होते. पण पुढे नगर रस्त्यावरच्या बीआरटीचा काही भाग काढून टाकण्यात आला, कारण दिलं गेलं कोंडीचंच.

त्या लेनकडे शेजारच्या कोंडीत अडकलेल्या माणसाने पाहिलं तर ती रिकामी वाटते. दोन मिनिटांनी एक बस येत असेल तरी मधली दोन मिनिटं तिथे काहीच नसतं. पण तासाला तीस बस आणि प्रत्येकीत पन्नास माणसं म्हणजे दीड हजार माणसं. अडकलेल्या लेनमध्ये एकेका माणसाच्या मोटारींनी तेवढी माणसं तासात पुढे सरकत नाहीत. लेन भरलेली दिसते का यापेक्षा तिच्यातून माणसं किती गेली, हे मोजायला हवं. अर्थात तासाला पाचच बस सोडायच्या असतील तर लेन राखून ठेवणं समर्थनीय नाही, हेही प्रामाणिकपणे मान्य केलं पाहिजे. लेन आणि बस दोन्ही एकाच वेळी यायला हवेत.

बस सुधारली म्हणून कोंडी आपोआप सुटते का?

नाही. चांगली बस गाडीचा वेग फार खाली घसरू देत नाही, पण कोंडी नाहीशी करत नाही. आणि सार्वजनिक वाहतुकीच्या बाजूने बोलणाऱ्यांनी हे लपवू नये. वर सांगितलेला डाउन्सचा नियम इथेही लागू होतो: शंभर माणसं गाडी सोडून बसमध्ये गेली की रस्त्यावर जागा होते, आणि ती जागा दुसरे शंभर भरून काढतात.

याचा सगळ्यात स्वच्छ पुरावा स्टॉकहोमचा आहे. तिथे शहराच्या मध्यभागात शिरणाऱ्या गाड्यांवर शुल्क लावायचं ठरलं. त्याआधी, ऑगस्ट २००५ च्या अखेरीस, जवळपास दोनशे नव्या बस आणि नवे मार्ग सुरू केले. पुढचे चार महिने गाड्यांच्या संख्येत फरक पडला नाही. जानेवारी २००६ मध्ये शुल्क सुरू झालं आणि गाड्या साधारण वीस टक्क्यांनी घटल्या. जुलैअखेर प्रयोग संपला, शुल्क थांबलं, गाड्या पुन्हा वाढल्या. त्यानंतर झालेल्या सार्वमतात शहराच्या लोकांनी शुल्काच्या बाजूने कौल दिला आणि २००७ पासून ते कायमचं झालं. वीस टक्के घट ऐकायला लहान वाटते, पण रस्ता पूर्ण भरलेला असताना शेवटच्या काही गाड्याच सगळ्यांना थांबवत असतात, त्यामुळे एवढ्या घटीने रांगा बऱ्याच कमी झाल्या. लंडननेही २००३ मध्ये कोंडी शुल्क लावलं ते बस वाढवूनच. सिंगापूरने तर मध्यभागात शिरण्यासाठी परवाना १९७५ मध्येच आणला.

मग त्या दोनशे बस वाया गेल्या का? तसं नाही. शुल्क लागल्यावर गाडी सोडणाऱ्याला जायला दुसरी सोय हवी होती, ती आधीच तयार होती. पर्याय न देता शुल्क लावलं असतं तर तो निव्वळ दंड झाला असता आणि सार्वमत हरलं असतं, असं माझं मत आहे. आधी बस, मग शुल्क, हा क्रम महत्त्वाचा.

आपल्याकडे शहरात शिरण्याचं शुल्क लगेच येईल असं वाटत नाही. पण त्याचं एक साधं रूप आपल्या हातात आहे: पार्किंग. पुणे महापालिकेने २०१८ मध्ये पार्किंग धोरण मंजूर केलं आणि ते बहुतांशी कागदावरच राहिलं. सार्वजनिक रस्त्यावर एक मोटार उभी करायला बारा-तेरा चौरस मीटर जागा लागते. लक्ष्मी रोड किंवा फर्ग्युसन रस्त्याच्या परिसरात तेवढ्या जागेचं भाडं दुकानदाराला विचारून बघा. तीच जागा गाडीला फुकट किंवा नाममात्र पैशांत मिळते, आणि तिच्या शेजारून बसला वाट काढत जावं लागतं. वर्दळीच्या रस्त्यावरची पार्किंगची एक बाजू काढली तर बसची लेन तिथेच तयार होते. पार्किंगचे पैसे थेट बसला द्यायचे ठरवलं तर लोकांना त्याचा उपयोगही दिसेल.

मेट्रो आली आहे, मग बस कशाला?

पुण्यात मार्च २०२२ मध्ये मेट्रो धावू लागली. सप्टेंबर २०२४ मध्ये ती भुयारातून स्वारगेटला पोहोचली. ती हवीच होती. पिंपरी ते स्वारगेट हा प्रवास वेळेवर होतो ही खात्री शहराला पहिल्यांदा मिळाली, आणि दुचाकीवाल्यांपैकी अनेकजण तिच्याकडे वळले ते याच खात्रीमुळे. पण मेट्रो दोन-तीन रेषांवर धावते. शहर त्या रेषांच्या दोन्ही बाजूंना मैलोनमैल पसरलेलं आहे. स्थानकापासून घर तीन किलोमीटर असेल आणि तिथवर जायला रिक्षाला मेट्रोच्या तिकिटापेक्षा जास्त मोजावे लागत असतील, तर माणूस दारातून गाडी काढतो आणि थेट कचेरीतच जातो. स्थानकाला जोडणाऱ्या छोट्या बस दर आठ-दहा मिनिटांनी आणि एकाच तिकिटावर असतील तरच मेट्रोवर खर्च केलेल्या हजारो कोटींचं पुरेपूर चीज होईल.

आणि फूटपाथ. बसचा आणि मेट्रोचा प्रत्येक प्रवासी दोन्ही टोकांना पादचारी असतो. जंगली महाराज रस्त्याचा फूटपाथ रुंद केला तेव्हा गाड्यांची जागा गेली म्हणून बराच गदारोळ झाला होता. आज तिथून आजी-आजोबा नातवंडांना घेऊन निवांत चालतात. असा फूटपाथ शहराच्या प्रत्येक बसथांब्याभोवती पाचशे मीटर हवा.

रस्ता एकाचा, बस दुसऱ्याची

पीएमपीएमएल २००७ मध्ये पुण्याची पीएमटी आणि पिंपरी-चिंचवडची पीसीएमटी एकत्र करून झाली. तिची तूट दोन्ही महापालिका ६० आणि ४० टक्के अशी भरून काढतात. पण बस ज्या रस्त्यावर धावते त्यावर या कंपनीचा काहीही अधिकार नाही. रस्ता महापालिकेचा किंवा सार्वजनिक बांधकाम खात्याचा, वाहतुकीचं नियमन पोलिसांचं, दोन मेट्रो मार्ग महामेट्रोचे, हिंजवडीचा तिसरा पीएमआरडीए या महानगर विकास प्राधिकरणाचा. थांब्यासमोर रिक्षा आणि टेम्पो उभे असतात म्हणून बस रस्त्याच्या मध्ये थांबते, तिच्यामुळे मागची रांग अडते, आणि शिव्या ड्रायव्हरला बसतात.

सोल शहराने १ जुलै २००४ रोजी एका दिवसात आपली बसव्यवस्था बदलली. मार्ग नव्याने आखले, लांबच्या आणि गल्लीतल्या बसना वेगळे रंग दिले, रस्त्यांच्या मधोमध बसच्या लेन केल्या, आणि बस बदलली तरी भाडं एकूण अंतरावरच लागेल अशी कार्ड-तिकिटाची सोय केली. सगळ्यात महत्त्वाचा बदल बाहेरून दिसणारा नव्हता. खासगी बसमालकांना प्रवाशांच्या संख्येवर पैसे मिळायचे, ते किलोमीटरवर मिळू लागले, आणि मार्ग ठरवण्याचा अधिकार शहराने स्वतःकडे घेतला. त्यामुळे प्रवाशांसाठी एकमेकांशी शर्यत लावण्याचं कारणच उरलं नाही. पहिले काही दिवस प्रचंड गोंधळ झाला आणि महापौरांना लोकांचा रोष पत्करावा लागला. तरी त्यांनी माघार घेतली नाही. त्याच काळात शहराच्या मध्यातला उन्नत महामार्ग पाडून त्याखाली गाडलेला चॉन्गेचॉन ओढा मोकळा करण्याचं काम चालू होतं. रस्ता काढला जात असताना बस सुधारणं हे त्यांनी जाणूनबुजून एकत्र केलं.

पीएमपीएमएलची तूट दरवर्षी बातमीत येते आणि बस कमी करा, भाडं वाढवा अशी चर्चा सुरू होते. उड्डाणपुलाची तूट अशी दरवर्षी कोणी मोजत नाही, कारण त्यावरून जायला तिकीट नसतं. एका बाजूला सगळा खर्च दिसतो, दुसऱ्या बाजूला दिसत नाही, आणि त्या अर्धवट हिशेबावर शहराचे निर्णय होतात. बसने रोज दहा लाख प्रवासी वाहिले नाहीत तर त्यांच्यातले किती जण दुचाकीवर येतील आणि ती गर्दी कुठल्या पुलावरून जाईल, हाही आकडा ताळेबंदात असायला हवा.

आता एक अगदी नेमकी मागणी. सिंहगड रस्त्यावर राजाराम पूल चौकापासून पुढे नवे उड्डाणपूल टप्प्याटप्प्याने सुरू झाले आहेत. वरून थेट जाणारी वाहतूक गेल्यामुळे खालच्या रस्त्यावर सध्या थोडी जागा झाली आहे. नियमाप्रमाणे ती दोन-तीन वर्षांत भरेल. भरल्यानंतर तिथे बसची लेन मागितली तर नगर रस्त्यावर झालं तेच होईल: गाडीवाले म्हणतील आमची जागा घेतली. म्हणून जिथे जिथे रुंदी आहे तिथे ती लेन आत्ताच आखली पाहिजे, थांब्यापाशी आणि चौकापाशी न तोडता, आणि त्याच दिवसापासून स्वारगेटला मेट्रोशी जोडणारी बस दर पाच मिनिटांनी सोडली पाहिजे. नवा पूल, नवा रस्ता, नवी मार्गिका जिथे जिथे होईल तिथे उद्घाटनाच्या आदल्या दिवशीच बसचा वाटा रंगवून मोकळा ठेवायचा, ही अट प्रत्येक निविदेत घालता येते. त्यासाठी नवा कायदा लागत नाही. महापालिका, पोलीस आणि पीएमपीएमएल यांनी एका टेबलावर बसून सही केली तरी पुरतं.